मगदूम सरांची ओली जास्वंद

मगदूम सरांच्या घरी रंगवलेलं फूल वाळत नाही. पाच आठवडे होतात, सात होतात, तरी पाकळीला बोट लावलं की बोट लाल होतं. सर फडक्यानं ते बोट पुसून देतात आणि म्हणतात, "वल्लं हाय अजून. घाई हाय काय?"

सरांनी मुलींच्या हायस्कुलात चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर शाहूपुरीतल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी रविवारचा वर्ग सुरू केला. फी नाही. ज्यानं जन्मात ब्रश धरलेला नाही त्यालाच प्रवेश. विषय एकच, तैलरंगात एक जास्वंद. फूल पितळी फुलपात्रात उभं करायचं आणि एका रविवारी एकच पाकळी रंगवायची. मी समोर राहतो आणि रविवारी चहाचा कप घेऊन तिथं जाऊन बसतो, म्हणून हे मला माहीत आहे.

जास्वंद एका दिवसात मिटते. त्यामुळे दर रविवारी फुलपात्रात नवं फूल असतं. बँकेत नोकरी करणाऱ्या कुलकर्णी बाईंनी ही अडचण एकदा मांडली.

"सर, हे एक फूल नाहीच. पाच फुलांची एकेक पाकळी आहे."

"मग? घर तरी एका माणसाचं असतंय व्हय?"

सरांची पत्नी वारली आहे, मुलगा बंगळुरात असतो. बाईंनी ब्रश परत रंगात बुडवला.

वर्गात बाईंशिवाय तिघं होते. निवृत्त कंपाउंडर अण्णा चौगुले, कॉलेजात शिकणारी सानिका आणि गडमुडशिंगीच्या शालनवैनी. वैनी चार म्हशींच्या धारा काढून पहिल्या बसनं यायच्या. त्यांच्या पाकळ्या सगळ्यांत चांगल्या, कारण बोटांत जोर होता आणि तो आवरायची सवयही होती.

काळ्या रंगाला सरांच्या घरात बंदी. "सावली म्हंजे काळं न्हवं. लालाची सावली हिरव्यात असती, बघा की!" बघायचं कसं, याचीही पद्धत ठरलेली. डोळे बारीक करायचे, म्हणजे बारकावे जातात आणि उजेड-सावली तेवढी उरते. एकदा टपाल घेऊन आलेला माणूस दारातच थबकला. आत पाच माणसं डोळे किलकिले करून एका फुलाकडे बघत होती. "समद्यांचंच डोळं आल्यात काय?" असं विचारून तो उंबऱ्याबाहेरूनच परतला.

फूल न वाळण्याचं कारण सर कोल्हापूरच्या हवेवर ढकलायचे. मला ते पटलेलं होतं. मग एक दिवस आमच्या कोपऱ्यावरच्या आयुर्वेदिक दुकानदारानं काळजीनं विचारलं, "सरांची दाढ लई दुखती का हो? दर पंधरा दिवसाला लवंगेचं तेल न्हेत्यात."

सरांच्या तोंडात वर-खाली कवळी आहे. स्वतःचा एकही दात नाही.

ओळखीच्या एका चित्रकाराला विचारलं. त्यानं सांगितलं, तैलरंगात लवंगेच्या तेलाचे थेंब टाकले की रंग लवकर वाळत नाही. थेंब वाढवले की महिनोन् महिने ओला राहतो. मी हे कुणाला सांगितलं नाही.

पावसाळा संपल्यावरच्या एका रविवारी शालनवैनी म्हणाल्या, "सर, पोरानं हुबळीत घर घेतलंय. म्हसरं इकून म्हैन्यानं मी तिकडं जायाची. ह्ये फूल संगं न्यायचंय. तवर वाळंल न्हवं?"

घाई हाय काय, असं सर म्हणाले नाहीत. ते आत गेले, एक लहान बाटली आणून त्यांनी फुलपात्राशेजारी ठेवली.

"न्हाय वाळायचं. रंगात मी हे घालतोय."

वैनींनी बूच काढून वास घेतला. "लवंग? आन् मी समजत हुते, आत कोन मसाला भाजतंय!"

सानिका हसली आणि लगेच थांबली. अण्णांनी विचारलं, "आवो, पर घालता कशाला?"

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वाळलं की मानसं फूल घिऊन जात्यात. परत येत न्हाईत."

मग त्यांनी रंग खरवडायची सुरी प्रत्येकाच्या हातात दिली. चारही जास्वंदी खरवडून निघाल्या. नवा रंग कोऱ्या ताटलीत काढला, जवसाचं तेल नावापुरतं, रंग पातळ करायला टर्पेंटाइन भरपूर. एका बैठकीत पाचही पाकळ्या झाल्या. एवढ्या भरभर फूल तयार होताना मी त्या खोलीत प्रथमच पाहिलं. सर मागं उभे राहून "पातळ लावा, पातळ," एवढंच म्हणत होते.

तिसऱ्या रविवारी चारही फुलं वाळली. वैनींनी आपल्या फुलावरून बोट फिरवलं आणि सरांसमोर धरलं. बोट कोरडं होतं. सर ते बोट बघत राहिले. "झालं," म्हणाले. मग चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून, वर सुतळी बांधून त्यांनी ते स्वतः बसथांब्यापर्यंत पोचवलं.

उरलेली तीन फुलं भिंतीवर होती. ती कधीही न्या, असं सरांनी तिघांना सांगितलं होतं.

पुढच्या रविवारी मी जरा लवकर गेलो. सरांनी नेहमीप्रमाणे खुर्च्या मांडल्या होत्या, पण त्यांच्या पायजम्याला नेहमीचा ताज्या रंगाचा डाग नव्हता आणि टेबलावर फूलही नव्हतं. नऊ वाजून गेले. सरांनी दोनदा फडकं घडी केलं.

सव्वानऊला अण्णा आले. पाठोपाठ बाई आणि सानिका. तिघांनी भिंतीवरून आपापलं चित्र काढलं. सर पिशव्या शोधायला उठले.

अण्णांनी चित्र पिशवीत घातलं नाही. इझलवर ठेवलं, चष्मा लावला आणि बराच वेळ बघून म्हणाले, "सर, ह्येला पान न्हाय."

"न्हाय."

"बिनपानाचं फूल बरं दिसतंय व्हय? एक तरी पायजे. दोन असली तर झ्याक."

बाई आणि सानिका आधीच खुर्च्या ओढून बसल्या होत्या.

सरांनी हातातल्या पिशव्या परत खुंटीला अडकवल्या. "पान सोपं न्हवं, अण्णा. शिरा असत्यात. लई रविवार जातील."

"जाऊ द्यात की," अण्णा म्हणाले.