गोटीराम मोकलची फुंकर

सकाळी पावणेसातला कंटेनर यार्डाच्या गेटवर गोटीराम मोकलने रोजच्यासारखी नळीत फुंकर मारली आणि अकरा वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. मशीन कोकललं.

ड्युटीवर येणारा माणूस दारू पिऊन आलाय का, हे बघणारं ते मशीन. गेटवरचा सिक्युरिटीवाला भैरू आधी मशीनकडे बघत राहिला, मग गोटीरामकडे.

"काका, परत मारा. मशीन येडं झालंय."

गोटीरामने छाती भरून दुसरी फुंकर मारली. मशीन आणखी जोरात कोकललं. मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी वाजवली.

उरणच्या आसपास दहा गावांत गोटीरामचं नाव एकाच गोष्टीसाठी झालं होतं. हा माणूस स्वतःच्या हळदीलाही प्यायला नव्हता. नवरदेव घोटभरसुद्धा घेत नाही म्हणून त्याचे दोन मामा जेवणावरून उठून गेले होते. पंचवीस वर्षं गावातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना 'जरा गोटीरामकडं बघा' म्हणून सुनावत आल्या होत्या.

सेफ्टी ऑफिसर अभिराम हा नियमाला पक्का, तिशीतला पोरगा. त्याने खुर्ची पुढे केली.

"मोकल, खरं सांगा. थोडीशी घेतली का?"

"सायब, मी थंडा पन पीत नाय."

"मग सकाळपासून काय प्यायलात?"

"अननसाच्या सालीचा पानी."

अभिरामने हातातलं पेन खाली ठेवलं. "मोकल, निदान कारण तरी पटेल असं द्या."

पण ते खरंच होतं. कंटेनर उचलणाऱ्या मशीनच्या केबिनमध्ये रोज आठ तास बसून गोटीरामच्या पोटाने संप पुकारला होता. चूर्णं झाली, काढे झाले, डॉक्टर झाले. शेवटी वाशीच्या कॉलेजात फूड सायन्स शिकणाऱ्या त्याच्या मुलीने, जागृतीने, प्रकरण हातात घेतलं.

"पप्पा, तुमच्या आतड्यातले चांगले जंतू कमी झालेत. आंबवलेलं काहीतरी रोज पोटात जायला पाहिजे."

अननसाच्या साली, गूळ आणि पाणी बरणीत घालायचं, वर फडकं बांधायचं आणि दोन दिवसांनी गाळून प्यायचं, एवढं सांगून ती परीक्षेसाठी कोपरखैरण्याला मैत्रिणीकडे राहायला गेली. मागे राहिली तिची आई, गोजरा. दोन दिवसांत काय मुरतं, असं म्हणत गोजराने बरणी सहा दिवस ठेवली. वर आणखी दोन मुठी गूळ टाकला. "जंतूंना पन खायाला लागंल ना," ती म्हणाली.

चौथ्या ग्लासानंतर गोटीरामचं पोट असं साफ झालं, की तो संडासातून बाहेर आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. रोज एका ग्लासाने इतकं, तर दोनाने किती, असा हिशेब करून मशीन कोकललं त्या सकाळी त्याने एक ग्लास घरी घेतला आणि दुसरा बाटलीत भरून गेटवरच्या रांगेत उभ्या उभ्या संपवला.

अभिरामने त्याला घरी पाठवलं. चौकशी सोमवारी.

तो घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. भजनी मंडळाने निरोप धाडला, की पखवाज काही दिवस दुसरं कुणी वाजवील. शेजारच्या पुतळाबाईने गोजराचा हात धरून "आता तुला पन कललं बेवड्याच्या बायकोचा हाल," असं म्हणत डोळे पुसले. आणि दुपारी गोजराचा धाकटा भाऊ सिताराम, पिण्यात गावात पहिला नंबर असलेला, कागदात गुंडाळलेली बाटली घेऊन दारात उभा राहिला. त्याचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता.

"भावोजी! शेवटी आलात ना लायनीवर! पंचवीस वर्सं बाय तुमचा नाव घेऊन माझा डोका खाते!"

"सिताराम, मी प्यालेलो नाय."

"आमी पन हेच बोलतो!" सितारामने प्रेमाने त्याच्या पाठीवर थाप मारली.

युनियनच्या कुंदनने फोनवर सरळ सल्ला दिला. "काका, टेन्शन नको. चुकून एक पेग झाला असं लिहून द्या, माफी मागा, तीन दिवसांची सुट्टी भोगा. विषय कट."

"जे प्यालो नाय त्याची माफी मागू?" गोटीराम उसळला. "नोकरी गेली तरी चालंल. आनि तो पानी पन मी सोडनार नाय."

"आवो, पानी तरी सोडा," गोजरा काकुळतीला आली.

"का सोडू? धा वर्सांनी पोट साफ झालाय!"

सोमवारी गोटीरामने बरणी मांडीवर घेऊन रिक्षा केली. शेजारी जागृती होती. सगळी हकिगत ऐकून, आईला दोन मुठींबद्दल बोलून, ती आता शांत झाली होती. प्रत्येक स्पीडब्रेकरला बरणी फुसफुसत होती आणि रिक्षावाला मागे वळून बघत होता. गेटवर भैरूने नियमाप्रमाणे झाकण उघडलं. फेस उसळून त्याच्या टोपीपर्यंत गेला.

"काका, वास तर झकास हाय," टोपी चाटावी की झटकावी या विचारात भैरू म्हणाला.

आत मॅनेजर प्रसाद साहेब, अभिराम आणि कुंदन बसले होते. जागृतीने समजावलं, "सर, जास्त दिवस आंबवलं की त्यात थोडं अल्कोहोल तयार होतं. पिऊन लगेच फुंकलं तर ते तोंडात असतं, म्हणून मशीन वाजतं. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासायला हवं होतं."

"ऐकायला ठीक आहे," प्रसाद साहेब म्हणाले. "पुरावा काय?"

"पुरावा बरनीत हाय," गोटीराम म्हणाला. "मी प्यालो तर बोलाल घरूनच पिऊन आलाय. तुमी प्या."

त्याने टेबलावरच्या ग्लासात बरणीतलं पाणी ओतलं. मग प्रसाद साहेबांनी ग्लास उचलला. एक घोट घेतला, भुवया उंचावल्या, आणि उरलेला ग्लास एका दमात संपवला. मशीन आणलं. साहेबांनी फुंकर मारली. मशीन कोकललं.

"माझा विश्वास नाही," असं म्हणत अभिरामने ग्लास घेतला. मशीन पुन्हा कोकललं. मग चौकशीत युनियन मागे राहायला नको म्हणून कुंदननेही घेतला. तिसऱ्यांदा कोकललं.

"पटला?" गोटीराम म्हणाला.

पटलं होतं. पण मशीनला ते कळत नव्हतं. त्यावरचा प्रत्येक आकडा आपोआप हेड ऑफिसला जात असे. दोन मिनिटांत टेबलावरचा फोन वाजला. पलीकडचा माणूस इतका मोठ्याने बोलत होता, की सगळ्यांना ऐकू येत होतं.

"मॅनेजर, सेफ्टी ऑफिसर आणि युनियन? सकाळी दहा वाजता? काय पार्टी चाललीय का तिथे?"

"सर, ते अननसाच्या सालीचं पाणी..." प्रसाद साहेबांनी सुरुवात केली आणि मध्येच थांबले. आपण नक्की काय बोलतोय, हे त्यांनाच ऐकू आलं होतं.

पंधरा मिनिटं चौघेही पुरुष भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. मग तिघांनी चूळ भरून पुन्हा फुंकलं. तिन्ही वेळा शून्य. तरीही हेड ऑफिसने तिघांकडून लेखी खुलासा मागितला. अभिरामने पेन उचललं, बराच वेळ कोऱ्या कागदाकडे पाहिलं आणि मान वर न करता विचारलं, "मोकल, तुम्ही हे कसं सांगितलं असतं?"

"खरा ता लिवा, सायब," गोटीराम म्हणाला आणि ड्युटीवर गेला.

संध्याकाळी निर्दोष असल्याचं पत्र घेऊन तो घरी आला. सितारामला समोर बसवून त्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. सितारामने शेवटच्या ओळीपर्यंत मन लावून ऐकलं. मग तो हळूच म्हणाला, "म्हंजे ही घरातच तयार होते?"

"हो."

"आनि बाय सोता ग्लास भरून देते?"

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला दारात सिताराम आणि त्याचे तीन दोस्त पोट धरून उभे होते. चौघांच्या हातात घरून आणलेले ग्लास होते. "आमचा पन पोट साफ होत नाय," सिताराम गंभीरपणे म्हणाला.

गोजरा भडकणार होती, पण जागृतीने तिला अडवलं. आता बरणी तिच्या ताब्यात होती. मोजून दोन दिवस, मोजून गूळ. आठवडाभर चौघे रोज येत, डोळे मिटून ग्लास संपवत आणि मग ओट्यावर काही होतंय का याची वाट बघत बसत.

आठव्या दिवशी गोटीरामने विचारलं, "काय, कसा वाटतंय?"

सितारामने रिकामा ग्लास उलटा करून पाहिला आणि सुस्कारा सोडला.

"चढत तर काय नाय, भावोजी. पन उतरतंय झकास."