नागनाथअप्पा आणि आमचे छोटे साहेब

नागनाथअप्पा मांजरालाही अहो-जाहो करत. "सरका जरा, पाय पडंल," असं मांजरीला सांगणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. कचेरीतल्या मोठ्या साहेबांचा उल्लेख मात्र घरी 'तो' असा.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी नांदेडहून बदलून आलो. अप्पा आमच्याच कचेरीत शिपाई, आणि भिंतीला भिंत लावून शेजारी. एकटेच राहत. कचेरीत खुर्च्या कमी, गावात पाणी त्याहून कमी. दुष्काळ होता. टँकर आला की सगळी गल्ली घागरी घेऊन पळे.

नेमका त्याच उन्हाळ्यात आमचा दोन वर्षांचा मुन्ना हटून बसला. परसात शी करायला कागदावर बसवलं की लाकडासारखा ताठ होई, किंचाळे, पळे आणि थेट गोधडीत कार्यक्रम उरके. गोधडी धुवायला पाणी कुठलं? एका सकाळी सुमननं, माझ्या बायकोनं, त्याला धपाटा घातला आणि स्वतःच रडू लागली.

अप्पा कुंपणावरून म्हणाले, "जबरदस्ती नका करू, वैनी. इज्जतीचा सवाल हाय त्यांचा."

दुसऱ्या दिवशी ते पेपर घेऊन हजर. अर्धा मुन्नासाठी अंथरला, अर्धा स्वतः वाचत, त्याच्याकडं पाठ करून उकिडवे बसले. "तुमचं चालू द्या, छोटे साहेब. मी काय बघून न्हाई राहिलो."

मुन्ना बावरला. पाठमोऱ्या माणसावर किंचाळायचं तरी कसं? मी डोकावलो, तर अप्पांनी हात आडवा केला. "साहेब कामात हायेत. थांबा."

साहेबांनी काम केलं नाही. त्या दिवशी नाही, पुढचे कित्येक दिवस नाही. अप्पा येत राहिले. मग एकदा मुन्ना आपणहून त्यांच्याशेजारी टेकला, आणि झालं! अप्पांनी खाडकन सलाम ठोकला. सुमननं शिरा केला.

मुन्नाला सवय लागली, तसं अप्पांचं येणं थांबलं. बऱ्याच दिवसांनी एका सकाळी दारात उभे दिसले.

"जमून राहिलं ना त्यांना?"

"जमतंय की."

"बरं झालं." पण हलेनात. मग म्हणाले, "तिकडं लोह्याकडं, आमच्या गावात माझी पोरं वाढली. मी नोकरीवर. घरी गेलो की पाव्हण्याला लाजावं तशी लाजायची. हे असलं काय बघायलाच गावलं न्हाई."

परसात सुमन मुन्नाला धूत होती. त्याचं नुकतंच कागदावर, आपणहून उरकलं होतं. तिथूनच तिनं हाक दिली, "अप्पा, बरं झालं आलात! हा अजून माझं ऐकत नाही बघा. रोज येत जा तुम्ही."

मुन्ना ओल्या ढुंगणानं पळत येऊन त्यांच्या पायांना बिलगला. पायजमा भिजला. अप्पा हलले नाहीत.