गार्डकाका आणि माझ्या गाडीचे मागचे दिवे

निरोप देताना माणसं गाडीच्या खिडकीपाशी उभी राहतात. गवईकाका गाडीच्या मागे जातात. तुम्ही काच खाली करून "येतो काका" म्हणत असता आणि ते डिकीशी वाकून दिवे तपासत असतात. दोन्ही लागलेले दिसले की त्यांचा उजवा हात वर जातो, आणि मग तुम्हाला निघायची परवानगी. "पुढचं ड्रायव्हर पाह्यते बाप्पा," ते म्हणतात, "मांगचं कोनी पाह्यत नाई."

काका मूळचे बडनेऱ्याचे. रेल्वेत गार्ड होते. बदलीवर राजस्थानात आले, बरीच वर्षं फुलेऱ्याच्या क्वार्टरमध्ये काढली आणि निवृत्त होऊन जयपूरला प्रताप नगरात, हाउसिंग बोर्डाच्या आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले. इथे आल्यावर वर्षभरातच काकू गेल्या. मुलगी सासरी, लांब. तेव्हापासून पहिल्या मजल्यावर काका एकटे.

गार्डाचा डबा गाडीत शेवटचा. त्याच्या पाठीला लाल दिवा असतो. तो दिवा दिसला म्हणजे गाडी अख्खी आली, वाटेत एकही डबा सुटला नाही. उभी नोकरी त्या दिव्याच्या सोबतीने गेल्यावर माणसाला जग मागूनच दिसायला लागणार. काका पाहुण्यांच्या चपलांच्या टाचा बघून स्वभाव सांगतात. बहुतेक वेळा चुकतात, पण बघायचं सोडत नाहीत.

समोरच्या शर्माजींच्या मुलीची बिदाई तर आमच्या गल्लीत अजून सांगतात. सनई चाललेली, मुलगी आईच्या गळ्यात पडलेली, शर्माजींच्या डोळ्यांना धार. सगळी गल्ली गाडीच्या पुढे आणि काका मागे. ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि मागून शिट्टी वाजली. काकांच्या खिशात ती कायम असते.

"एक बत्ती बंद है. गाडी नहीं छूटेगी."

"अंकलजी, मुहूर्त निकल जाएगा," नवरदेवाचे वडील हात जोडून म्हणाले.

"मुहूर्त आगे है, बत्ती पीछे है," काका म्हणाले. याचा अर्थ कोणाला लागला नाही, पण बल्ब आणायला एकजण पळाला. बल्ब येईपर्यंत नवरी ताटकळत बसली, रडायचं थांबली आणि शेवटी हसत हसत सासरी गेली. शर्माजी आजही म्हणतात, आमची बेटी हसत गेली ती गवईसाहेबांमुळे.

आता अशा माणसाच्या नाकासमोर मी माझ्या गाडीचे मागचे दिवे काळे करायला घेतले, म्हणजे माझीच अक्कल गहाण पडली होती.

मी सांगलीचा. शहरातल्या सी-स्कीम भागातल्या एका कंपनीत परदेशी गिऱ्हाइकांच्या वेळेने काम करतो. जग घरी परततं तेव्हा मी कामाला निघतो. एक जुनी पांढरी गाडी घेतली होती. ऑफिसातल्या राघवच्या गाडीचे मागचे दिवे धुरकट काळे, एकदम रुबाबदार. महिनाअखेरीला आम्ही सगळे गाड्या घेऊन सांभर तळ्याला जाणार होतो. तोवर माझेही तसेच दिसायला हवे होते. मालवीय नगरातून काळा स्प्रे आणला. दुकानदार म्हणाला, "भैया, दो कोट में गाड़ी को काला चश्मा लग जाएगा."

रविवारी पार्किंगमध्ये चिकटपट्टी लावत होतो, तेवढ्यात काका खाली आले. मी मनाची तयारी केली. आता शिट्टी, मग भाषण. पण काका मांडी घालून माझ्या शेजारीच बसले.

"सर बाजूले. हात कच्चा हाय तुहा. दर उन्हाळ्यात कूलर मीच रंगवतो."

मला हायसं वाटलं. त्यांनी डबा ताब्यात घेतला, वर घेऊन गेले आणि ओल्या पंच्यात गुंडाळून आणला. जयपूरच्या उन्हात म्हणे स्प्रे फुटतो. मला लांब उभं केलं, कारण वास डोक्यात जातो. मग नाकाला रुमाल बांधून, श्वास रोखून त्यांनी अशा हळुवार हाताने फवारा मारला की मी बघतच राहिलो.

दिवे वाळले. लालच होते.

"पयला हात हलकाच राह्यते," काका म्हणाले. "आंगी लागू दे."

दुसऱ्या रविवारी दुसरा हात. दिवे लालच, वर चकाकायला लागलेले. तिसऱ्या रविवारी आंधी येऊन गेली होती, धूळ चिकटेल म्हणून काकांनी आधी ते दोनदा पुसले आणि मग तिसरा हात दिला. सोमवारी ऑफिसात राघव म्हणाला, "भाई, पॉलिश कहाँ करवाई?" शर्माजींनी तर गाडी नवी घेतली का म्हणून विचारलं.

सांभरला जायला चार दिवस उरले. डबा परत घ्यावा आणि आपणच उरकावं म्हणून कामावर निघताना काकांकडे गेलो. ते चहा टाकत होते. मी बाल्कनीत गेलो. तुळशीच्या कुंडीमागे माझा काळा स्प्रे होता. टोपणाचं सील तसंच. शेजारी बिनरंगी, नुसती चकाकी देणाऱ्या लाखेच्या स्प्रेचे दोन रिकामे डबे.

"काका, हे काय?"

काका कप घेऊन दारात थांबले. पकडले गेल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"काळा करायचा नव्हता तर तसं सांगायचं. नियमात बसत नाही म्हणायचं. मी ऐकलं असतं."

"नियम तं हायच," ते म्हणाले. "मागच्याले दिसलं नाई तं ठोकते तुले. पन खोटं कायले बोलू, म्या नियमासाठी नाई केलं."

त्यांनी कप कठड्यावर ठेवला.

"फुलेऱ्याले आमचं क्वार्टर लायनीले लागूनच होतं. माही गाडी सुटली का तुही काकू मागच्या दारात उभी. मी म्हनो, कायले उभी राह्यतं? मी का दिसतो तिथून? तं म्हने, तुमी नाई दिसत, बत्ती दिसते. बत्ती दिसेस्तोर तुमी घरीच असता. मंग मी भात टाकतो, म्हने."

"तवा मी हासो तिले. मी डब्यात बसेल, मले का समजते मागं राह्यनाऱ्याचं. आता इथून सांजच्याले जानारा तूच एक हाय. तुही बत्ती मोडावर जाईस्तोर मी पाह्यतो. मंग घरात येऊन भात टाकतो. तू काळं करशील तं मले दिसंल कसं?"

चहा मी उभ्यानेच प्यायलो. काळा स्प्रे तिथेच ठेवून खाली आलो. काका मागोमाग आले, डिकीशी वाकले, त्यांनी हात वर केला.

गल्लीच्या मोडावर, म्हणजे वळणावर, ब्रेकची गरज नसते, रस्ता मोकळा असतो. त्या संध्याकाळी मी तो दाबला आणि दाबूनच ठेवला. आरशात फाटकापाशी काका दिसत होते, हात अजून वरच. मागून एका ऑटोवाल्याने हॉर्नवर हॉर्न दिले, तेव्हा कुठे हललो.

सांभरला मी लाल दिव्यांनीच गेलो. ब्रेक मात्र रोजचाच झाला.

परवा काकांनी जिन्यात अडवलं. "काय रे, मोडावर बत्ती लय वेळ लागून राह्यते तुही. ब्रेक चिकटते का? माह्या भाताले रोज उशीर होते."

"हो काका, जरा चिकटतो. दाखवतो मेकॅनिकला."

काका दोन पायऱ्या चढले, थांबले. पाठमोरेच म्हणाले,

"राहू दे. घाई नाई."