रजा कोण देतं?

आमच्या गल्लीतून पाठीला लॅपटॉपची बॅग लावून कुणीही निघालं, की सुखदेव नाना ओट्यावरून हात आडवा करतात. एसटीला करावा तसा. पोरगा थांबतो. नाना त्याला नाव विचारत नाहीत, पगार विचारत नाहीत, लग्नाचंसुद्धा विचारत नाहीत. त्यांचा एकच प्रश्न असतो.

"तुमनाकडे रजा कोन देस?"

"मॅनेजर."

"त्याले कोन देस?"

"त्याच्या वरचा."

"आनि त्याले?"

इथे पोरं गडबडतात. या चौकशीला कंटाळून अमळनेरची निम्मी आयटीवाली पोरं सुट्टीला आली की आता मागच्या बोळातून घरी जातात.

नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. शिंदखेडा, धुळे करत करत अमळनेरला निवृत्त झाले, पण त्यांचा आवाज अजून ड्युटीवर आहे. नळाला पाणी आलं की ते गच्चीवरून घोषणा करतात. एकदा अक्कांकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे, माहेरची माणसं यायची होती, तर सबंध गल्लीला कळलं की धुळ्याहून येणारे पाहुणे अर्धा तास उशिरा धावत आहेत.

त्यांचा मुलगा मिलिंद आयटीची पदवी घेऊन बंगळूरला गेला. त्याच्या प्रत्येक बढतीची घोषणा गच्चीवरूनच झाली, मात्र एसटीच्या भाषेत. मिलिंद प्रोग्रॅमर होता तेव्हा तो चालक होता. टीम लीड झाला, तेव्हा ड्युट्या लावणारा झाला. मग आर्किटेक्ट झाला. त्यावर नाना म्हणाले, "गाडी चालवत नही आते. रस्ता कोठून जाई ते ठरावस." पुढे सायबर सुरक्षेचा प्रमुख झाला. गल्लीला कळवण्यात आलं की मिलिंद आता तिकीट तपासनीस असून एकही फुकट्या आत शिरणार नाही.

प्रत्येक बढतीला नानांच्या शेतात वांग्याच्या भरताची पंगत व्हायची आणि एकाही भरताला मिलिंद नसायचा. पाण्याच्या जारला मोबाईल टेकवून ठेवत. नाना भरताचा घास कॅमेऱ्यासमोर धरत आणि मिलिंद तिकडून "वा, नाना" म्हणे.

"रजा भेटत नही त्याले," नाना सर्वांना सांगत. "लहान पोस्ट शे ना. वर जाऊ द्या."

वर जाऊन जाऊन मिलिंद इतका वर गेला की दिवाळीलाही खाली उतरेना. नानांचा हिशोब मात्र पक्का होता. रजा देणारा माणूस सापडला की काम फत्ते. कारण उभ्या नोकरीत त्यांनी रजाच तर हाताळल्या होत्या, आणि त्याही स्वतःच्या पद्धतीने. सासुरवाडीच्या लग्नाला जायचं जिवावर आलेला एखादा चालक हळूच येऊन कानात सांगे, "नाना, तेवढी रजा नामंजूर करा." मग नाना त्याच्या बायकोला फोनवर स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात ती नामंजूर करत. पलीकडून बाई नानांच्या सात पिढ्यांचा उद्धार करी.

"शिव्या आपन खाऊ," नाना सांगत. "गडी तं सुटी गया!"

मी इथल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. मध्यंतरी 'आयटी पदवीनंतर उच्च पदांच्या वाटा' या विषयावर पुण्याचे एक साहेब बोलावले होते. साहेबांनी पडद्यावर शिडी दाखवली. खाली प्रोग्रॅमर, मग प्रोजेक्ट मॅनेजर, आर्किटेक्ट, डेटा विभागाचा प्रमुख आणि सर्वांत वर सीटीओ, म्हणजे कंपनीच्या सगळ्या तंत्रज्ञानाचा कर्ताधर्ता. पोरं माना वर करून बघत होती. पहिल्या रांगेत इस्त्रीच्या सदऱ्यात नाना बसले होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"कोणाला काही शंका?" साहेबांनी विचारलं.

नाना उठले. मी डोळे मिटून घेतले.

"साहेब, ह्या सगळास्ले रजा कोन देस?"

साहेब हसले. "सीईओ."

"त्याले?"

"संचालक मंडळ."

"त्यास्ले?"

साहेबांनी घाम पुसला. "शेवटी भागधारक. ज्यांच्याकडे शेअर आहेत, कंपनी त्यांचीच."

नाना तृप्त होऊन खाली बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात हजर.

"मास्तर, माले भागधारक व्हनं शे."

मी समजावलं, चिडलो, शेवटी नाइलाजाने सगळे सोपस्कार करून दिले. मिलिंदच्या कंपनीचा एक शेअर नानांच्या नावावर आला. एकच.

"आते मी मालक?"

"तुमच्यासारखे लाखो आहेत, नाना."

"पन शे ना?"

"आहात," मी म्हणालो. काय करणार?

"कोनले सांगू नका. अक्काले बी नही," त्यांनी बजावलं.

पुढे मिलिंद सीटीओ झाला. नानांनी गच्चीवरून जाहीर केलं की यंदाच्या भरताला मिलिंद स्वतः येणार. रविवारी सगळी गल्ली शेतात जमली. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, अक्का पुऱ्या तळत होत्या. नानांनी सर्वांच्या आधी मिलिंदचं केळीचं पान मांडलं. मग मला बाजूला बांधावर नेऊन स्पीकरवर फोन लावला आणि घसा साफ केला.

"मी आपल्या कंपनीचा भागधारक बोलतोय. आपली रजा मंजूर करण्यात येत आहे." मग आवाज उतरला. "आते ये, भो. विमान धर. भरीत रातलोंग ठेवसू."

मिलिंद खूप हसला. हसता हसता थांबला.

"नाना, मला रजा कोणी देत नाही. मीच ठरवतो. आधीही कोणी अडवत नव्हतं." "तिथं आलो की बोलायला काही सुचतच नाही, नाना. येतो म्हणतो आणि टाळतो."

बांधावरून उठून जावं असं मला वाटलं, पण नानांनी माझं मनगट धरलं होतं. मग तोच एसटीचा आवाज आला, जरा फाटलेला.

"कामाच्या निकडीमुळे आपली रजा नामंजूर करण्यात येत आहे." आणि हळूच, "टाईमवर जेवत जाय."

त्यांनी फोन बंद केला. चुलीपासून अक्का ओरडल्या, "काय म्हनना? निंघी गया का?"

नाना उठून उभे राहिले आणि सगळ्या शेताला ऐकू जाईल असं म्हणाले, "त्याना काही दोष नही. मालक सोडत नही!"

"मढं जावो त्या मालकनं!" अक्का कडाडल्या. मग गल्लीतल्या सगळ्या बायांना जोर चढला. मालकाला पोरंबाळं नसतील, त्याला माया कशी ती ठाऊक नसेल, त्याला म्हातारपणी कोणी पाणी विचारणार नाही, असं एकेकीने सांगून टाकलं.

नाना मिलिंदच्या पानावर बसले होते. मान खाली घालून ते भरीत खात होते, आणि प्रत्येक शिवीला "बराबर शे, बराबर शे" म्हणत होते.