उलट्या पावलांची गोकुळाष्टमी

माणसाने चाळिशी ओलांडल्यावर नवीन काही शिकू नये, आणि शिकायचंच असेल तर आधी कॅलेंडर बघावं, असं माझं आता ठाम मत झालं आहे. मी शिकायला काढला होता डान्स. भरतनाट्यम नव्हे (जयनगरात ते शिकणाऱ्या मुली इतक्या आहेत, की मला कुणी दारातही उभं केलं नसतं), तर परदेशी बँडच्या गाण्यांवरचा, जोडीने करायचा डान्स.

याचं मूळ आमच्या विमा कंपनीच्या गेल्या वर्षीच्या कुटुंब मेळाव्यात आहे. जेवणं झाल्यावर कुणीतरी इंग्रजी गाण्यांची कॅसेट लावली आणि एरवी क्लेमच्या फायलींवर पेंगणारी माणसं बायकांचे हात धरून नाचायला लागली. मी खुर्चीत सुरक्षित होतो. पण सहज खाली पाहिलं, तर टेबलाखाली अहल्येचा, म्हणजे माझ्या बायकोचा, पाय ताल धरत होता. अहल्या कॉन्व्हेंटात शिकलेली. लग्नाआधी चामराजपेटच्या घरी रेडिओचा आवाज बारीक करून ती असलीच गाणी ऐकायची. ती म्हणाली, "अहो, जायचं का? स्वल्पच." (म्हणजे थोडंसंच; आमच्या मराठीत कानडी अशी मिसळते.) मी म्हणालो, "माझा गुडघा दुखतोय." (गुडघा त्या क्षणापर्यंत ठणठणीत होता.) ऑटोने परतलो. घराचं कुलूप उघडताना ती एवढंच म्हणाली, "असू दे. प्रत्येकाला सगळंच कुठं जमतं?"

बायको भांडली तर निदान उत्तर तरी देता येतं. तिने समजून घेतलं, की नवरा संपला. ते वाक्य वर्षभर माझ्या घशात मासळीच्या काट्यासारखं अडकून होतं (आमच्याकडे मासळी चालत नाही, पण अडकतं कसं ते ऐकून माहीत आहे).

म्हणून यंदा तिच्या नकळत डान्स शिकायचा, आणि गाणं सुरू होताच आपणच हात पुढे करायचा, असं मी ठरवलं. ऑफिसातल्या त्रिविक्रमने कॅसेट दिली. फुटपाथवर डान्सचं एक जुनं पुस्तक मिळालं. ते इंग्रजीत होतं, पण आत पावलांची चित्रं होती, काही काळी, काही पांढरी, आणि चित्रं असताना वाचायची गरज काय?

अडचण अशी, की पुस्तकाकडे बघावं तर पाय चुकतात आणि पायांकडे बघावं तर पुस्तक मिटतं. पण जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला एक विद्या येतेच, ती म्हणजे नक्कल काढणं. एका रविवारी अहल्या सकाळीच माहेरी चकल्या करायला गेली. (चकल्या कशासाठी, हा प्रश्न मला पडला नाही.) मी रांगोळीच्या डब्यातला खडू भिजवला, स्वतःचाच पाय ठेवून भोवतीने रेघ मारली आणि हॉलच्या लाल फरशीवर पावलं उमटवली. खडू पांढरा, म्हणून पांढरी पावलं काढली. काळा खडू घरात नव्हता, म्हणून काळी सोडून दिली. पुस्तकाबरहुकूम सुरुवात दारापासून, बोटं दाराकडे, आणि जायचं मात्र मागे मागे, थेट देव्हाऱ्यापर्यंत. तिथे एक गिरकी. दुपारपर्यंत मी इतका तयार झालो, की तिपाई सोडली तर कशालाही धडकत नव्हतो.

तेवढ्यात बेल वाजली. मी टेप बंद करून दार उघडलं. दारात सासूबाई, रत्नाबाई, हातात चकल्यांचा डबा. अहल्या खाली फुलं घेत होती. सासूबाईंनी फरशीकडे पाहिलं, डबा खाली ठेवला आणि हात जोडले.

"गुंडोराव, तुम्ही पावलं काढलीत?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गोकुळाष्टमी. आमच्या लोकांत या दिवशी उंबऱ्यापासून देवापर्यंत बाळकृष्णाची इवली पावलं काढतात. आणि 'जावई चांगला आहे, पण देवाधर्माचं काही नाही' असं नातेवाइकांत सांगत आलेल्या सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. अशा वेळी खरं बोलायला वेगळी छाती लागते.

"स्वल्प मोठी झालीत," त्या म्हणाल्या.

"द्वारकेचा कृष्ण आहे. राजा झाल्यावरचा."

"आणि बोटं दाराकडं? देव घरातनं निघाला की काय?" त्यांचा चेहरा उतरला.

"नाही आई, तो उलटा आत येतोय. रणछोड."

त्यांनी विचार केला. "आणि देवापुढं हे गरगर?"

"रास."

एवढं अध्यात्म माझ्या तोंडून त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी लगेच खालच्या घरमालकीणबाईंना, हेमावतीअक्कांना, बोलावलं. अक्कांनी गल्लीतल्या बायका बोलावल्या. प्रत्येक पावलावर हळदकुंकू आणि एकेक फूल पडलं. आता त्यांच्यावर पाय ठेवणं पाप. स्वतःच्याच पावलांना वाट देत मी भिंतीला चिकटून उभा राहिलो. मग एखादं भजन असू दे म्हणून हेमावतीअक्कांनी टेपचं बटण दाबलं.

ढोल, गिटार आणि चार गोरे गळे एकदम सुरू झाले. बायका थिजल्या. त्याच क्षणी अहल्या दारात आली. तिने पावलं पाहिली, टेपकडे पाहिलं, तिपाईवर उघड्या पडलेल्या पुस्तकाकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे. आता माझी शोभा होणार, हे नक्की होतं.

"आई, परदेशी भक्तांचं भजन आहे," ती शांतपणे म्हणाली. "त्यांच्यात असंच म्हणतात."

सासूबाईंनी कान देऊन ऐकलं. "शब्द कळत नाहीत," त्या म्हणाल्या, "पण तळमळ आहे." आणि नऊवारीच्या काठाखाली त्यांचा पाय ताल धरू लागला. तो पाय मी गेल्या वर्षी टेबलाखाली पाहिला होता. गाणं संपायच्या आत सासूबाई आणि हेमावतीअक्का देव्हाऱ्यापुढे फुगडी घालत होत्या.

त्या गलक्यात अहल्या भिंतीकडेने माझ्यापाशी आली. "कृष्णाच्या उजव्या पायाची करंगळी वाकडी कधीपासनं?"

मी सगळं सांगून टाकलं. मेळाव्याचं, गुडघ्याचं, तिच्या त्या वाक्याचं. तिने ऐकून घेतलं, कानडीत "सरी," म्हणजे "बरं," म्हणाली, तिपाईवरचं पुस्तक पदराखाली घेतलं आणि स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, रद्दीत गेलं. पण आतून तेच गाणं गुणगुणल्याचा आवाज आला, आणि मला फार बरं वाटलं.

मेळावा पुढच्या शनिवारी होता. सासूबाईंच्या हुकुमावरून पावलं तोवर पुसायची नव्हती, त्यामुळे सराव बंद. गाणं सुरू झालं. मी हात पुढे केला. तो पुरता पुढे जायच्या आत अहल्या उठून उभी होती.

आणि काय सांगू, जमलं. मी मागे मागे, ती पुढे पुढे, गिरकीसुद्धा जागच्या जागी बसली. त्रिविक्रम स्वतःचा नाच थांबवून बघत राहिला. अहल्या पूर्ण गाणंभर हसत होती. तिला इतकं हसताना पाहून, त्या खोट्या गुडघ्यापायी आपण किती गमावलं, ते मला समजलं.

"बरं जमतंय ना?" मी न राहवून विचारलं.

"फार छान," ती म्हणाली. "फक्त पुस्तकात खाली लिहिलंय, काळी पावलं पुरुषाची, पांढरी बाईची. तुम्ही पांढरी शिकलात, म्हणून मी काळी शिकून ठेवली."

मी थांबलो. ती थांबली नाही.

"थांबू नका हो," ती म्हणाली. "घरी चालतं तसंच चालू द्या."

आणि मी सवयीने मागे सरकलो.