उताण्या कासवाचा अभ्यास

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही होतं. नदी होती, चिंचा होत्या, भांडणंसुद्धा होती. नव्हतं ते फक्त समाजकार्याचं कॉलेज. त्यामुळे कुणी खड्ड्यात पडलं, की जो जवळ असेल तो ओढून काढायचा. अगदीच अडाणी कारभार!

मग राजेसाहेबांनी कॉलेज काढलं. करकोचा प्राचार्य झाला. एका पायावर तासन् तास उभं राहून तो शिकवायचा. पहिल्या वर्षी मदतीचा इतिहास, दुसऱ्या वर्षी मदतीच्या व्याख्या. हात लावायचं प्रात्यक्षिक शेवटच्या सत्रात.

मृण्मयी नावाची एक खार तिथे शिकत होती. गुणी पोर. तिचा विषय होता 'उताण्या कासवांच्या समस्या'. आठ दिवस भटकली, तेव्हा कुठे टेकडीखाली एक उताणं कासव सापडलं. भिकोबा त्याचं नाव.

"काका, कधीपासून असे आहात?"

"सकाळपासून गं. आधी मला सरळ कर बाई."

"ते पुढच्या सत्रात, काका. आत्ता फक्त समस्या समजून घ्यायचीय. सध्याच्या स्थितीबद्दल आपण समाधानी आहात, थोडे समाधानी आहात, की सांगता येत नाही?"

"अगं, ऊन चढतंय!"

"हे 'इतर' मध्ये लिहिते हं."

प्रश्न होते बेचाळीस. एकतिसाव्याला भिकोबाचा आवाज बसला. पाय हलेनात. खारीचा जीव तुटत होता, पण सरांनी बजावलं होतं, मध्येच मदत केली तर निष्कर्ष बिघडतात.

इतक्यात गोदाक्का आली. ही रानडुकरीण. शाळा दुसरीपर्यंत, चौकश्या साऱ्या जंगलाच्या.

"काय गं, काय चाललंय? अगोबाई, भिकोबा! असे का पडलात? जेवलात का काही?" असं विचारता विचारताच तिनं नाकाडानं एक ढुशी दिली. भिकोबा सरळ झाला आणि तडक पाण्याकडे निघाला.

खार रडायलाच लागली. "आक्का, माझे अकरा प्रश्न राहिले!"

भिकोबा पाणी पिऊन परत आला. म्हणाला, "विचार की. सरळ असलो म्हणून काय तोंड गेलं?"

पण प्राचार्यांनी सांगितलं, उत्तरं उताण्याचीच धरली जातील. शिवाय चार दिवसांनी 'समाजकार्याच्या भावी दिशा' या विषयावर परिषद. तिथे अभ्यास कासवासह मांडायचा, नाहीतर वर्ष वाया.

आता उताणं कासव आणायचं कुठून? गोदाक्का दिसेल त्याला सरळ करत सुटलेली.

"मीच पडतो," भिकोबा म्हणाला. "लेकराचं वर्ष जायला नको. पण पाचच मिनिटं हं."

परिषदेत त्याला माळावर, भर उन्हात, मधोमध उताणं ठेवलं. राहिलेले अकरा प्रश्न झाले. मग भाषणं झाली. प्राचार्यांनी तीन भावी दिशा सांगितल्या. पाहुण्यांनी चौथी सुचवली. खारीला पहिला वर्ग मिळाला, शाल मिळाली, फोटो निघाला. मग सगळे सावलीत जिलबीकडे धावले.

खारीनं पहिला घास तोंडाशी नेला आणि तिला आठवलं.

"सर! भिकोबाकाका!"

"उत्तम विषय आहे," तोंडातली जिलबी सावरत करकोचा म्हणाला. "पीएचडीला घे."

खारीनं शाल टाकली आणि धूम ठोकली. एवढं मोठं कासव तिच्या एकटीनं थोडंच सरळ होणार! कॉलेजकडे नव्हे बरं का, गोदाक्काच्या घराकडे. घर रिकामं! रडत, धापा टाकत ती माळावर परतली, तर भिकोबा सरळ बसून द्रोणातली जिलबी खात होता. शेजारी गोदाक्का.

"आक्का, तुम्हाला कुणी बोलावलं?"

"मला कोण बोलावतंय? पंगतीत काय काय केलंय ते बघायला आले होते. जिलबी जरा कच्चीच आहे, नाही का हो भिकोबा?"

तात्पर्य : बाळांनो, खूप शिका, मोठ्या पदव्या घ्या. पण उताणं पडायची वेळ आलीच, तर शेजारी एखादी कमी शिकलेली, भोचक बाई राहते ना, एवढं आधी बघून घ्या आणि मगच पडा.