आठ घरं आणि एक हुशार माकड

बसलात का मुलांनो? चुळबूळ नको. एक जंगल होतं आणि त्याचा सगळा कारभार एका चिपवर चालायचा.

चिपच्या पोटात आठ घरांची एक ओळ होती. जाणकार तिला रजिस्टर म्हणतात. प्रत्येक घराची एक पिन, पिनेला एक तार. घरात एक लिहिला की तारेच्या टोकाचा दिवा लागे, शून्य लिहिलं की विझे. एका घरावर सिंहमहाराजांच्या गुहेतला दिवा होता. दुसऱ्यावर बदकीणबाईंची अंडी उबवणारा बल्ब.

लिहायचं काम कासवअण्णांचं. एकट्या घरात लिहिता येत नसे, लिहायची तर सगळी ओळ एकदमच. ते आधी जुनी ओळ वाचत, त्यातलं एकच घर बदलत आणि मग सगळी ओळ परत लिहीत. तोवर महाराजांच्या चार जांभया देऊन व्हायच्या.

एक दिवस टणक्या माकड म्हणाला, "अण्णांना मध्ये कशाला घ्यायचं? मी थेट लिहितो!"

टणक्या आमच्याच, म्हणजे इंजिनिअरांच्या, जमातीतला, म्हणून हे कौतुक.

त्याने महाराजांच्या घरात एक लिहिला. बाकीच्या घरांत, कोण विचार करत बसतो, सरसकट शून्य. दिवा झटकन लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात बदकीण धावत आली. "अरे मेल्या, माझा बल्ब गेला! अंडी गार पडतायत!"

"माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय," टणक्या म्हणाला. हे वाक्य आम्हाला बाळकडूतच मिळतं.

पण बदकीण रडायला लागली तेव्हा त्याला वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्याने नवी ओळ लिहिली: बल्बच्या घरात एक, बाकी शून्य. बल्ब लागला. गुहेत अंधार झाला आणि आतून डरकाळी आली. टणक्याने घाबरून पहिली ओळ पुन्हा लिहिली. बल्ब विझला.

काय म्हणालात? दोन्ही घरांत एक का नाही लिहिला? मुलांनो, तुम्हाला हे लगेच सुचलं. आम्हाला त्यासाठी बैठक घ्यावी लागते.

बैठक भरली. लांबली. बदकीण थोडा वेळ दाराशी थांबली, मग घरी जाऊन स्वतःच अंड्यांवर बसली. यथावकाश पिल्लं बाहेर आली, सगळी ठणठणीत.

महाराजांनी टणक्याचा सत्कार केला. दिवा लवकर लागला आणि बल्बची गरजच नव्हती, हेही त्यानेच दाखवून दिलं ना! कासवअण्णा हार आणायला गेलेत, ते अजून वाटेत आहेत.

तात्पर्य: ओळीतली सगळी घरं लक्षात ठेवायची गरज नाही. महाराजांचं कुठलं, तेवढं पाठ असलं की पुरे. अंड्यांवर बसायला कुणीतरी असतंच.